मारणाऱ्याचा शब्द

रविवार, ५ जानेवारी

रोजनिशी लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला कधी फारसा आदर वाटला नाही. ज्याचं घरात कोणी ऐकत नाही तो वहीपाशी जातो, असं माझं मत होतं. पण आज जे झालं ते शालनला सांगितलं तर ती "असू दे हो" म्हणेल, आणि मला असू द्यायचं नाहीये.

सकाळी बाळकुमच्या आमच्या लॉनवर माझा आणि केदारचा साखळी सामना होता. क्रोके म्हणजे काय हे मी आयुष्यभर लोकांना समजावत आलोय, आता वहीलाही समजावतो. हिरवळीत लोखंडी कमानी रोवलेल्या असतात, हातात लांब दांड्याचा लाकडी हातोडा, त्याला मॅलेट म्हणतात, आणि चेंडू मारत मारत त्या कमानींतून क्रमाने काढायचे. कोलकात्यात पीएचडी करताना माझ्या गाइडनी हे व्यसन लावलं आणि ते मी ठाण्यात आणलं. राज्यात हा खेळ खेळणारे चाळीसेक जण असतील, त्यात मी सहा वेळा विजेता. शालनच्या मते हे म्हणजे चाळीच्या गणपतीत संगीतखुर्ची जिंकण्यासारखं आहे. म्हणू दे.

तर नियम असा की मॅलेट चेंडूला एकदाच लागलं पाहिजे. दोन चेंडू जवळजवळ असले की ते कधी कधी निसटतं दुसऱ्यांदा लागतं. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. एक ‘टक्’ आणि त्याच्या शेपटाला बारीक ‘टिक्’. तसं झालं की मारणाऱ्याने आपणहून चूक सांगायची आणि पाळी सोडायची. पंच जवळ उभा नसेल तर मारणाऱ्याचा शब्द अखेरचा. या एका नियमापायी मी या खेळात पडलो. मी अशा कितीतरी पाळ्या सोडल्यात, एकदा तर हातातली फायनल सोडली.

आज मी मारलं आणि केदार म्हणाला, "सर, डबल लागला वाटतं."

"नाही."

"नक्की ना, सर?"

"केदार, तुला हा नियम शिकवला कोणी?"

केदार आयटीतला मुलगा, चाळिशीचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. बाकीची मंडळी गवत बघत उभी होती. सामना मी जिंकलो. एरवी नंतर चहा होतो, आज सगळ्यांनाच घाई होती.

आम्ही कळव्याच्या चाळीत राहायचो तेव्हा आबा, माझे वडील, म्हणायचे, आपल्या माणसाचा शब्द एकदा खोटा ठरला की त्याच्यामागून येणाऱ्या दहा जणांचा खोटा ठरतो. मी वस्तीतला पहिला इंजिनिअर. हे वाक्य मी डिग्रीपेक्षा जास्त सांभाळलंय. आणि हा कालचा पोरगा मला "नक्की ना" विचारतो.

फायनल २ फेब्रुवारीला. गुणांवर मी आणि केदार, आम्हीच दोघे.


मंगळवार, ७ जानेवारी

डोंबिवली पूर्वेला जाऊन आलो. सुखछाया सोसायटी, तळमजला अधिक चार, पस्तीस वर्षांची. तिचं स्ट्रक्चरल ऑडिट कॉलेजतर्फे माझ्याकडे आलंय. शेवटी मला एक श्रेणी लिहून सही करायची आहे. सी-वन म्हणजे धोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-टू-बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. मध्ये आणखी छटा आहेत, पण रहिवाशांच्या लेखी दोनच श्रेणी, बाहेर किंवा आत. आणि एकदा बाहेर पडलेला परत आत येतो यावर डोंबिवलीत कोणाचा विश्वास उरलेला नाही. त्यात त्यांची चूक नाही.

सेक्रेटरी शिवराम भोईर गेटवरच उभे होते. भला माणूस. मूळचे इथलेच, सोसायटी त्यांच्याच वडिलांच्या जागेवर उभी आहे. "सर, तुमी सांगाल ती पूर्व दिशा," म्हणाले. बोलतात मात्र तोंडातल्या तोंडात, वाकून वाकून ऐकावं लागतं.

बरोबर रुचिता होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच खात्यात शिकवते. तिच्याकडे अल्ट्रासोनिकचं यंत्र. खांबाच्या एका अंगाने लहर सोडायची आणि दुसऱ्या अंगाला किती वेगात पोचते ते मोजायचं. माझ्याकडे माझा हातोडा. खांबावर हलका ठोका मारला की आतून घट्ट असलेलं काँक्रीट टणटणीत बोलतं, सुटलेलं भदभदतं. यंत्रं आली नव्हती तेव्हापासून मी खांब ऐकत आलोय. ठाण्यातल्या निम्म्या इंजिनिअरांना मी हेच शिकवलंय.

तळमजल्यावर सुमतीबाईंचं पाळणाघर आहे. दहा-बारा पोरं सतरंजीवर ओळीने झोपली होती. खोलीच्या मधोमध मुख्य खांब, त्यावर कोणी हौसेने जिराफ रंगवलाय. मी जिराफाच्या पोटावर ठोका मारला.

"सर, परत एकदा वाजवता का?" रुचिता म्हणाली.

वाजवला. "बाहेरच्या खांबासारखाच आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने यंत्राने त्याच खांबावर पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा दर वेळी कमी आला. मी तिला समजावलं, वर तेलरंगाचे थर आहेत, यंत्राचं टोक नीट बसत नसेल. यंत्रावर भरवसा ठेवण्याची तिची पिढी आहे, राग नाही. एक मात्र खरं, हल्ली जुन्या इमारतींचे खांब सगळे एकाच मऊ सुरात बोलतात. वय झालं की आवाज खाली येतो, माणसाचाही येतो.


शुक्रवार, १० जानेवारी

घरी कटकट. शालन भाजी घेऊन आली आणि म्हणे बराच वेळ दाराबाहेर उभी होती. मी आत, दिवाणखान्यातच बसलेलो. बेल बिघडली असणार. वायरमनला बोलावलं. त्याने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चालू आहे की काका." लूज कनेक्शन असेल, माणूस आला की यंत्र नेमकं सुधारतं.

कुकरही जळला. "शिट्ट्या मोजा म्हणून सांगून गेले होते," शालन म्हणाली. एकही झाली नव्हती तर मोजू काय? रबर बदलायला सांगितलं.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलींची तीच रड. प्रश्न विचारायचा तर छातीवर मान टाकून, स्वतःलाच विचारल्यासारखा. मुलग्यांचं निदान कानात शिरतं. मी सांगितलं, ज्याला शंका आहे त्याने पुढे येऊन बोलावं. मागच्या बाकांवर हसू फुटलं. आत्मविश्वास कसा तो राहिलेला नाही.


मंगळवार, १४ जानेवारी

केदार तिळगूळ घेऊन आला. मी गोड बोलायचं ठरवलं होतं. तो पाणी प्यायला, त्याने शालनची चौकशी केली, आणि मग खाली बघत म्हणाला, "सर, फायनलला जवळच्या शॉटला पंच बोलावूया. दोघांच्याही. म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको."

"माझ्या मनात काही नाहीये."

"माझ्याही नाहीये, सर."

"मग पंच कशाला?"

तो शालनकडे बघायला लागला, जणू उत्तर तिच्याकडे होतं. ती उठून आत गेली. जाताना केदार तिच्याशी दारात बराच वेळ बोलत होता. मला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. माझ्या घरात, माझ्या बायकोपाशी माझी फिर्याद. तिळगुळाचा लाडू मी तसाच ठेवलाय.


शुक्रवार, १७ जानेवारी

आज रुचिताने केबिनचं दार लावून घेतलं आणि समोर बसली.

"सर, पाळणाघरातल्या खांबाची कोअर काढूया. प्रयोगशाळेत दाबून बघू. आणि तोवर तळमजला रिकामा करायला सांगू."

"कोअर म्हणजे खांबाला भोक पाडून आतला तुकडा काढायचा. त्या लोकांना तेवढ्यानेच धडकी भरेल. बारावीच्या परीक्षा तोंडावर आहेत."

"परीक्षेचा आणि खांबाचा काय संबंध, सर?"

"मी वाजवलाय तो खांब."

"मी पण तिथेच होते," ती म्हणाली. "मला तो पोकळ वाटला."

तेहतीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "मग त्याच वेळी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुम्हाला पण तसंच वाटलं असणार असं मला वाटलं. तुम्ही ‘सारखाच’ म्हणालात तेव्हा मला काही सुचेना."

मी तिला जायला सांगितलं. उद्धट नाही ती, हेच अवघड आहे.

दुपारी शिवराम भोईर बाळकुमला घरी आले. त्यांची धाकटी बारावीला आहे. चहाचा कप हातात धरून बसले होते, प्यायले नाहीत. "सर, मॅडमनी त्या दिवशी तोंड पाडलेलं. लोक घाबरलेत. आमी जावाचं कुठं? एकदा बाहेर पडलो का बिल्डिंग गेली. तुमी एक शब्द सांगा, बस."

मी म्हणालो, "घाबरू नका. तुमची इमारत राहायच्या लायकीची आहे. दुरुस्ती करू."

त्यांनी माझे हात धरले. शब्द मी उगाच देत नाही, आणि दिला तर मागे घेत नाही.


बुधवार, २२ जानेवारी

सुमतीबाईंचा फोन आला म्हणून पुन्हा डोंबिवलीला गेलो. रुचिताला सांगितलं नाही.

बाईंचं म्हणणं, दुपारी पोरं झोपली आणि सामसूम झाली की खांबातून चुरचुर ऐकू येते. "फोडणीत मोहरी तडतडते ना सर, तशी. पण अगदी बारीक."

मी खांबाशेजारी खुर्ची घेऊन बसलो. खांबाला कान लावला. पोरं झोपलेली, पंखा बंद केलेला, बाहेर कोणाचा आवाज नाही. इतकी शांत जागा डोंबिवलीत असू शकते याचंच आश्चर्य वाटलं. एका क्षणी सुमतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता आला बघा."

काही नव्हतं. भिंतीकडची एक छोटी पोरगी तेवढी जागी होती, ती डोळे मोठे करून खांबाकडे बघत होती. मुलांना काहीही दिसतं.

मी बाईंना सांगितलं की खांबामागून जुनी पाण्याची लाइन गेलीय, टाकी भरताना हवा अडकते. त्या म्हणाल्या, "पण पाणी सकाळी येतं हो." मी म्हटलं, उंदीर असतील. त्यांचं समाधान झालं नाही, पण प्रोफेसर सांगतायत म्हटल्यावर गप्प राहिल्या.

परत येताना मला अस्वस्थ वाटत होतं. का ते कळलं नाही. नसलेल्या आवाजाने माणसाने का अस्वस्थ व्हावं?


गुरुवार, २३ जानेवारी

एक चांगली गोष्टही लिहावी. शालन हल्ली बोलायच्या आधी माझ्या हाताला हात लावते, मग समोर येऊन बोलते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, उतारवयात माया वाढते म्हणतात ते खोटं नाही. मी तिला तसं म्हणालो तर तिचे डोळे एकदम भरून आले. बायकांचं काही सांगता येत नाही.


रविवार, २६ जानेवारी

कॉलेजात झेंडावंदन. कार्यक्रम संपल्यावर रुचिता धावत समोर आली.

"सर, मी तुमच्या मागून येत होते. तीन हाका मारल्या."

"बँड चालू होता."

"बँड थांबला होता, सर."

"असेल."

ती काहीतरी म्हणणार होती, पण प्राचार्य आले. त्यानंतर मी तिला मुद्दाम टाळलं. का टाळलं, ते मला विचारू नये. बँड थांबला होता का, हे मी शिपायाला विचारलं. थांबला होता म्हणाला.

दुपारी एकटाच लॉनवर गेलो. दोन चेंडू जवळ ठेवून मारत राहिलो. प्रत्येक वेळी एकच टक्. स्वच्छ. हात अजून जागेवर आहे. उगाच कोणाच्या बोलण्यावर जाऊ नये.


शुक्रवार, ३१ जानेवारी

अहवाल तयार आहे. सी-टू-बी. रुचिताने तिच्या जागी सही केली नाही. "तुमची विद्यार्थिनी म्हणून मी तुमच्या पाया पडते सर, पण सही नाही करणार," म्हणाली. मग मी एकट्याने केली. सोमवारी पालिकेत जाईल.

शिवराम भोईरांना कळवलं. संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला, अख्ख्या सोसायटीत पेढे वाटतायत. त्याच्याच मागोमाग सुमतीबाईंचा फोटो. जिराफाच्या मानेवरून खाली पोटापर्यंत एक उभी रेघ. "ही परवा नव्हती," असं खाली लिहिलंय.

प्लास्टर आकसतं तेव्हा अशा रेघा पडतात. आतला गज गंजून फुगला तरी अशाच पडतात. फोटोवरून सांगता येत नाही. सोमवारी अहवाल देण्याआधी जाऊन बघेन. आज शुक्रवार. शनिवारी पाळणाघर अर्धा दिवस, रविवारी बंद. तोवर काही होत नाही.

हे ‘काही होत नाही’ मी वर्गात कधीच चालवून घेतलं नसतं. फायनल डोक्यात आहे, दुसरं काय.


रविवार, २ फेब्रुवारी, सकाळ

झोप लागली नाही. शालन येते म्हणालीय सामन्याला. गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. जिंकलो तर केदारचं तोंड बंद होईल. मला जिंकायचंय, हे साधं लिहून ठेवतो.


सोमवार, ३ फेब्रुवारी

काल सामन्यानंतर लिहायला वेळ नव्हता. आज सगळं नीट लिहायचंय, जसं झालं तसं.

सामना अर्ध्यावर आला तेव्हा मी पुढे होतो. मग नेमकी तीच वेळ आली, माझा चेंडू केदारच्या चेंडूला भिडलेला आणि समोर कमान. मी पवित्रा घेतला तर केदारने हात वर केला. पंच मागवला. नियमात बसतं ते, मारायच्या आधी समोरचा पंच बोलावू शकतो. पण आमच्यात तसं कोणी करत नाही. माझे कान तापले.

पंच होते कल्याणचे प्रीतम साळवी, शांत माणूस. ते येऊन चेंडूशेजारी उकिडवे बसले. मी मारलं. चेंडू कमानीतून गेला. टक्, एकच, स्वच्छ.

प्रीतमनी हात केला. "फॉल्ट."

मी म्हणालो, "प्रीतम, एकच लागलं."

"दोन, सर."

"मला ऐकू आलं असतं."

ते उभे राहिले आणि अवघडून म्हणाले, "सर, सगळ्यांना ऐकू आलं."

मी आजूबाजूला पाहिलं. खुर्च्यांवर आमचीच माणसं, वर्षानुवर्षांची. कोणाच्याही तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. केदारच्या तर नव्हताच, त्याला रडू येईल असं वाटत होतं. लॉनच्या पार पलीकडे शालन बसली होती. मी तिच्यापर्यंत चालत गेलो. सामन्याच्या मध्ये असं कोणी जात नाही.

"तुला आला आवाज? इथवर?"

शालन कधी खोटं बोललेली नाही. तिने मान हलवली. हो.

मी केदारला म्हटलं, "मुद्दाम डबल मार." तो नको म्हणाला. मी ओरडलो तेव्हा त्याने मारलं. मी गुडघ्यावर बसून, डोळे चेंडूवर ठेवून पाहत होतो. मॅलेट चेंडूला लागलं, पुढे सरकलं, पुन्हा लागलं. मी ते पाहिलं. आणि ऐकलं एकच.

"परत."

परत एकच. मग बेल आठवली, कुकर आठवला, मागच्या बाकांवरचं हसू आठवलं. शालनचा माझ्या हातावरचा हात आठवला. इतकं सगळं एका ओळीत उभं होतं आणि मी त्यावर सही करून मोकळा झालो होतो. लाज वाटायला वेळच मिळाला नाही, कारण त्याच्या मागोमाग जिराफ आला. मऊ सुरात बोलणारे ते सगळे खांब. खांब बोलत होते आपापल्या आवाजात, मलाच ते सगळे एक झाले होते. आणि त्या खांबाला मी कान लावून बसलो होतो, आणि ती पोरगी डोळे मोठे करून बघत होती.

वर चार मजले माणसं, रविवार, सगळी घरात.

"सामना तुझा," मी केदारला म्हणालो. तो म्हणाला, "सर, थांबा, असं नको." पण मी चालायला लागलो होतो. शालनला म्हटलं, "रुचिताला फोन लाव, मला फोनवर तिचं बोलणं नीट..." पुढचं मी बोललो नाही. शालनने फोन लावला. नंबर तिच्याकडे होता. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

केदारने गाडी काढली, शालनही बसली. जाताना घरून माझा खांब वाजवायचा हातोडा घेतला. वाटेत कोणी बोललं असेल तर मला माहीत नाही.

रुचिता आमच्या आधी पोचली होती, तशीच घरच्या कपड्यांत. सुमतीबाईंनी पाळणाघर उघडलं. जिराफावरची रेघ आता बोट जाईल एवढी होती. मी हातोडा काढला आणि रुचितापुढे धरला. "तू वाजव. मी तुझ्याकडे बघतो."

तिने हलका ठोका मारला. मी तिचा चेहरा बघत होतो. मग केदारचा बघितला, त्याला काँक्रीटमधलं काही कळत नाही, तरी तो दचकून मागे सरला. शालनने तोंडावर पदर घेतला. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

"रिकामी करायची," मी म्हणालो. "आत्ता. सगळी."

रुचिता टेकूंसाठी तिच्या ओळखीच्या कंत्राटदाराला आणि पालिकेच्या आपत्कालीन कक्षाला फोन लावायला लागली. मी बाहेर आलो तेव्हा शिवराम भोईर जिन्यावरून उतरत होते, मागे दहा-वीस माणसं. सगळे एकदम बोलत होते. मी हात वर केला.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. मोठ्याने, कारण मी किती मोठ्याने बोलतोय तेही मला आता कळेनासं झालं होतं. "बारीक आवाज येत नाहीत. मला हे आज कळलं. मी तुमचे खांब वाजवले, पण मी ते ऐकले नव्हते. सुमतीबाई सांगत होत्या तो आवाज खरा आहे. मी त्यांना उंदीर म्हणालो. चूक माझी आहे. तुम्ही इथून निघा."

सुमतीबाई पायरीवर बसून रडायला लागल्या. मागून कोणीतरी शिवी दिली, ती मात्र मला स्वच्छ ऐकू आली.

शिवराम माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले. दोन दिवसांपूर्वी यांनीच पेढे वाटले होते. त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला, मला समजावा म्हणून नव्हे, राग आवरत होते म्हणून.

"सर, तुमी मागल्या टायमाला पन असाच शब्द दिलेला. त्यो खोटा निगाला. मग ह्यो तरी खरा कशावरून?"

आयुष्यभर मी लोकांना एकच उत्तर देत आलोय, मी सांगतोय म्हणून. ते आता देता येत नव्हतं, आणि माझ्याकडे दुसरं नव्हतं. लोक थांबले होते. तिसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी वाकून बघत होती. एकही माणूस हलत नव्हता, आणि ती इमारत त्यांच्या डोक्यावर होती. एवढं भय मला जन्मात वाटलं नव्हतं.

रुचिता आतून आली. तिने काही समजावलं नाही. तिने हातोडा शिवरामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, तुम्हीच वाजवा. आधी बाहेरचा खांब, मग आतला. हळू."

शिवरामांनी पार्किंगमधल्या खांबावर ठोका मारला. मग आत गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी एकदाच मारला. हात तसाच हवेत राहिला. बराच वेळ ते त्या खांबापुढे उभे होते. वडिलांच्या जागेवरच्या इमारतीपुढे माणूस कसा उभा राहतो ते मी पाहिलं.

ते वळले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. जिन्यात तोंड घालून त्यांनी वर बायकोला हाक मारली, ती मला ऐकू आली. "रतन, पोरीची पुस्तकं घे आन् खाली ये. गॅस बंद कर. बाकी राहू दे."

मग सगळे हलले. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. संध्याकाळपर्यंत टेकू लागले, अग्निशमनची माणसं आली, गेटला पट्टी लागली. महापालिकेच्या शाळेत सोय झाली. सी-वन मी आज सकाळी लिहिलं, रुचिताची सही वर, माझी खाली, आणि खाली एक ओळ, की पहिला अहवाल माझ्या दोषामुळे चुकला होता. कॉलेजने यापुढे मला ऑडिट देऊ नये, असंही तोंडी सांगून आलो. उद्या कानाच्या डॉक्टरकडे शालन घेऊन जाणार आहे. इमारत अजून उभी आहे. कदाचित आणखी वर्षभर उभी राहिली असती, कदाचित आज दुपारपर्यंतही नाही. हे मला कधीच कळणार नाही, आणि त्या लोकांनाही नाही. त्यांची घरं मात्र गेली.

काल तिथून निघताना मी शिवरामांपाशी गेलो. मुलीची पुस्तकं छातीशी धरून ते फुटपाथवर उभे होते. दुसऱ्या हातात अजून माझा हातोडा होता. मी हात पुढे केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन पावलं पलीकडे जाऊन तो रुचिताच्या हातात दिला.